पंखा फिरतो, हवा तीच

जोराची सर आली आणि पुढच्या बाकावरच्या मुलींनी न सांगता पश्चिमेच्या खिडक्या लावून घेतल्या. दार आधीच बंद होतं. "उघडं ठेवलं की शेजारच्या वर्गातले पाढे आमच्यात येतात," बाई म्हणाल्या. पुण्यातली शाळा, सहावीचा वर्ग, पन्नासेक मुलं. मी मागे बसून कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राकडे बघत होतो. पटांगणात त्यावर सव्वाचारशेच्या आसपास आकडा होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग. गणिताचा तास संपेपर्यंत तो दोन हजारांपुढे गेला.

पंखे जोरात चालू होते. पंख्याने घाम वाळतो, बरं वाटतं. पण तो ढवळतो ती आतलीच हवा. उच्छ्वासात हा वायू चार टक्क्यांच्या घरात असतो, म्हणून वाढता आकडा सांगतो की आपण एकमेकांनी सोडलेला श्वास पुन्हा घेतोय. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 साली हेच मांडलं: हा वायू इथे विष म्हणून नव्हे, खूण म्हणून मोजायचा. खोलीसाठी त्यांनी हजाराची मर्यादा सुचवली होती. आजही तोच आकडा चालतो.

मला खरी माहिती मधल्या सुट्टीत मिळते. वर्ग रिकामा झाला की आकडा उतरू लागतो. बाहेरच्यापेक्षा जास्तीचा भाग निम्म्यावर यायला वीस मिनिटं लागली, तर खोलीतली हवा तासाला जेमतेम दोनदा बदलते. इथे त्याहून जास्त वेळ लागत होता.

छताखाली दोन्ही भिंतींना व्हेंटिलेटर होते. बाहेरून छज्जा, त्यामुळे पावसाची भीती नाही. बांधणाऱ्याला अक्कल होती म्हणायची! नंतरच्या रंगाऱ्यांनी मात्र झडपा ऑइलपेंटने चौकटीला चिकटवून टाकल्या होत्या. शिपाईमामा टेबलावर चढले, सुरीने रंगाचा थर कोरत गेले. एक झडप कुरकुरत उघडली, मग समोरची. उदबत्ती धरली तर धूर सरळ वर न जाता व्हरांड्याकडे ओढला गेला. पुढच्या तासाला, खिडक्या बंदच असताना, आकडा तेराशेच्या आसपास रेंगाळला. हजाराच्या आत नाही, पण वाईटही नाही.

"आता कबुतरं येणार," मामा खाली उतरत म्हणाले. बरोबर होतं, जाळी हवीच. फक्त डासांची बारीक नको, ती धुळीने लवकर बुजते. बोटभर भोकांची तारेची जाळी पुरते.