ऑफसाइट? आणि चंद्रपूरला?

आमच्या ऑफिसात ऑफसाइट म्हणजे गोवा. फारच झालं तर लोणावळा. यंदा बॉसने मीटिंगमध्ये सहज टाकलं, ‘काहीतरी हटके सुचवा यार,’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘चंद्रपूर.’

दोन सेकंद शांतता. मग एकजण, ‘म्हणजे नागपूर ना?’ दुसरा, ‘नक्षलवादी?’ तिसरी, ‘बापरे, किती डिग्री असतं तिथे?’

मी चंद्रपूरची. पुण्यात नोकरीला लागून सहा वर्षं झाली आणि हे तीन प्रश्न याच क्रमाने किमान साठ वेळा ऐकलेत. रीतसर पोल झाला. गोवा ९, चंद्रपूर ८. मग बॉसने गोव्याचे विमानाचे आणि हॉटेलचे रेट पाहिले आणि आमची लोकशाही तिथेच आटोपली. सतरा जणांची जबाबदारी माझ्या गळ्यात, त्यातले नऊ फुगलेले. पचका झालाच असता तर तो माझा नाही, माझ्या गावाचा झाला असता.

पहिला पचका घरबसल्याच झाला. वीकडेजला रिसॉर्ट स्वस्त पडतं म्हणून सोमवार-मंगळवार धरले आणि खुशीत बाबांना फोन लावला. ‘मंगळवारी ताडोबा बंद असते ना! तू तिकडं बसून काय प्लॅन करून राहिली?’ चंद्रपूरची पोर आणि एवढंही माहीत नाही? खरं सांगू, लहानपणी मी ताडोब्याला जेमतेम दोनदा गेलेय. घराजवळचं ते बघायचं राहूनच जातं.

तेव्हा तुम्ही प्लॅन करत असाल तर आधी जंगलाचं कॅलेंडर बघा, ऑफिसचं नंतर. जुलै ते सप्टेंबर कोअर भाग बंद. मे महिन्यात वाघ पाणवठ्यावर येतात म्हणून दिसायचा चान्स जास्त, पण पारा पंचेचाळिशीच्या पुढे, आणि तेवढ्या उन्हात कसलं डोंबलाचं बाँडिंग! आम्ही फेब्रुवारी धरला. नागपूरहून चंद्रपूर दीडशे किलोमीटर, बसने तीन तास. सफारीचं बुकिंग ऑनलाइन, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र आधीच द्यायचं. ऐनवेळी ‘माझ्याऐवजी हा येतोय’ चालत नाही. आणि कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. हे कळल्यावर आमच्या मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होता. ‘क्लायंटचा फोन आला तर?’ येणारच नाही सर, तोच तर फंडा आहे.

एका जिप्सीत सहा पर्यटक. म्हणजे तीन जिप्सी, सतरा माणसं, आणि कोण कोणाशेजारी बसणार याची एक्सेल शीट माझ्याकडे. आता आतली गोष्ट. आमच्या टीममधले दोघं दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. सलग दोन दिवाळ्या ऑनकॉल ड्यूटी एकाच्याच गळ्यात पडली होती, आणि रोस्टर बनवणारा दुसरा. मी दोघांना मुद्दाम एकाच जिप्सीत घातलं. मोहर्ली गेटमधून आत गेलो, गवे दिसले, रानकुत्री दिसली, तलावाकाठी मगर दिसली. वाघ नाही. पण एका वळणावर रोस्टरवाला कुजबुजला, ‘तो बघ, तो बघ!’ शेजारचा अर्धा उभा राहिला. जळका बुंधा होता. तीन महिन्यांतलं त्यांचं ते पहिलं संभाषण.

दुसऱ्या दिवशी गडचिरोली. हा जिल्हा १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता. मूल, सावली करत वैनगंगा ओलांडली की आलंच. मला टीमला धानोरा रस्त्यावरचं मेंढा (लेखा) दाखवायचं होतं. बाबा म्हणाले, ‘ते गाव आहे, पिकनिक स्पॉट नाही. आधी विचार.’ विचारलं. ओळखीतून निरोप धाडला, होकार आल्यावरच बस ठरवली, आणि फोटोही विचारूनच काढायचे असं सगळ्यांना बजावलं.

मेंढा हे गोंडांचं छोटं गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली देशात सर्वांत आधी ज्यांना सामूहिक हक्क मिळाले, ती गावं म्हणजे मेंढा आणि शेजारचं मर्दा. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडलं. आमचं पब्लिक मात्र अडकलं ते वेगळ्याच गोष्टीवर. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं. ‘आणि एकालाच पटलं नाही तर?’ आमच्या टेस्टरने विचारलं. तर थांबायचं, पुन्हा बसायचं.

परतीच्या बसमध्ये कोणीतरी चेष्टेत म्हणालं, मग दिवाळीचं रोस्टर असंच ठरवू या की! रात्री आमच्या अंगणात सतरंज्या पडल्या. आईने पाटवडी-रस्सा केला होता. साडेआठला सुरू झालेली चर्चा साडेअकरा वाजले तरी चालूच. पाळीपाळीने करायचं, हे सोळा जणांना मान्य. सतरावा तोच, दोन दिवाळ्या गेलेला. ‘पाळी माझ्यानंतर सुरू होणार, मग माझ्या त्या दोन दिवाळ्यांचं काय?’ बॉसचा हात सवयीने वर गेला, मतदानासाठी, आणि तसाच खाली आला.

रोस्टरवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पुढच्या दोन मी करतो.’ यावर त्याच्या बायकोचं काय म्हणणं पडेल, हा मुद्दा निघाला आणि चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आतून आईची हाक आली, ‘अगं, रस्सा गार होऊन राहिला!’

रोस्टर अजून फायनल नाही. पुढची बैठक येत्या गुरुवारी, कॅन्टीनमध्ये.