काटा बोलेना

सकाळी सव्वासहाला सेक्रेटरींचा फोन. "दादा, काटा बोलेना. लोकं कॅन घेऊन उभी आहेत, वही काढलीय." आदल्या दुपारीच अकोले तालुक्यातल्या त्या दूध संकलन केंद्रात नवा कॉम्प्युटर बसवून, त्यात उबंटू 22.04 टाकून आलो होतो. काटा कुलपात होता म्हणून जोडून बघायचं राहिलं. गाडीला किक मारताना तेवढंच डोक्यात.

जुन्या डब्याला मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट होतं. आरएस-232 हे त्याचं मानक 1960 सालचं. पण वजनकाटे आणि फॅट मशीन अजून तीच भाषा बोलतात, एका तारेवरून एकामागून एक बिट. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नाही, म्हणून यूएसबीला लावायची कन्व्हर्टर वायर घेतली. आत सीएच340 ही स्वस्त चिप. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतोच.

वायर लावली की टीटीवाययूएसबी0 नावाची फाइल उगवायला हवी. (टीटीवाय म्हणजे टेलिटाइप. ती यंत्रं कधीच भंगारात गेली, नाव युनिक्सनं सांभाळलं.) फाइल नव्हती. अशा वेळी बरेच जण नेटवरून ड्रायव्हर उतरवून परत परत टाकत बसतात. मी आधी कर्नलची रोजनिशी उघडतो : डीमेसेज. वायर उपसून पुन्हा खोचली. ओळ आली, कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी0 ला जोडला. लगेच खाली एक अनोळखी नाव, बीआरएलटीटीवाय. त्याखाली, जोडणी तुटली. सगळा खेळ डोळ्यांचं पातं लवायच्या आत.

बीआरएलटीटीवाय म्हणजे अंधांची ब्रेल यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या काही यंत्रांत हीच चिप असते आणि यूएसबीवरचा ओळखक्रमांकही हाच : 1ए86:7523. तो दिसला की त्याला वाटतं आपलंच यंत्र आलं, आणि ते ड्रायव्हरच्या हातून पोर्ट काढून घेतं. चांगल्या कामासाठी आलेल्यावर चिडणार तरी कसं? तिथं ब्रेल वाचणारं कुणी आहे का, हे आधी विचारलं. नव्हतं, म्हणून काढून टाकलं. असतं तर यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेली यंत्रं ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या, नियमांतली त्या क्रमांकाची ओळ तेवढी बंद केली असती.

फाइल उगवली. आता 'परमिशन डिनाइड'. पोर्ट उघडायला वापरणारा डायलआउट गटात लागतो. मोडेमच्या जमान्यातलं नाव. गटात घातलं, लॉगआउट करून परत आत आलो. हे लॉगआउट विसरून मी पूर्वी एक अख्खी दुपार घालवली आहे.

तरी पडद्यावर वजनाच्या जागी प्रश्नचिन्हं आणि चौकोन. हा वेगाचा घोळ, माझाच : मी 9600 ठेवला होता, काटा 2400 नं बोलत होता. आकडा बदलला आणि वजन उमटलं, 12.400. रांगेतल्या आजींनी पडदा पाहिला, मग काटा पाहिला, आणि कॅन पुढे सरकवला.

सेक्रेटरींनी वही मात्र मिटली नाही. "संध्याकाळचं दूध होऊ द्या," म्हणाले.