रोपे पुष्कळ झाली, आता वर्षे द्या!

जुलै महिन्याची पहिली तारीख ही मुंबईच्या उपनगरांतील सेवाभावी क्लबांच्या पंचांगात नववर्षदिनाच्या मानाची आहे. रोटरी काय आणि लायन्स काय, दोहोंचे कार्यवर्ष याच दिवशी सुरू होते. जुना अध्यक्ष पदाचे चिन्ह नव्या अध्यक्षाच्या गळ्यात घालतो, टाळ्या होतात, नव्या वर्षाचे संकल्प सोडले जातात. नेमक्या याच सुमारास पावसानेही बोरिवलीच्या डोंगरांवर चांगला जम बसविलेला असतो. मग नव्या अध्यक्षाच्या पहिल्या उपक्रमासाठी वृक्षारोपणाइतके सोयीचे कार्य दुसरे कोणते असणार? खड्डे आदल्या दिवशी खणून तयार असतात, रोपे टेंपोतून येतात, फलक बांधला जातो, छायाचित्र निघते, गरमागरम बटाटेवड्यांवर ताव मारला जातो आणि मंडळी समाधानाने घरी परततात. पुढच्या रविवारी त्या रोपांकडे कोण फिरकले, हे विचारण्याचा शिष्टाचार आपल्याकडे नाही. तो प्रश्न आज आम्ही मुद्दाम विचारीत आहोत.

हे आम्ही कुचेष्टेने लिहीत नाही. सेवाभावी क्लबांची थट्टा करणे हा मध्यमवर्गाचा एक जुना आणि स्वस्त विरंगुळा आहे. त्यात सामील होण्याची आम्हांला मुळीच हौस नाही. शिकागोमध्ये १९०५ साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांसह रोटरीची मुहूर्तमेढ रोवली. त्या क्लबाने हाती घेतलेले पहिले लोककार्य कोणते होते? शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधून घेण्याचे! ज्या कामाचे नाव काढताच सभ्य माणसे नाकाला रुमाल लावीत, त्यापासून या मंडळींनी सुरुवात केली. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली, लायन्सचा भारतातील पहिला क्लब १९५६ मध्ये याच नगरीत निघाला आणि १९७२ मध्ये नाना चुडासमांनी ‘जायंट्स’ ही अस्सल मुंबईकर संस्था काढली. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत नेत्रशिबिरे, रक्तदान, वह्यापुस्तकांचे वाटप अशी कितीतरी कामे या संस्थांनी आजवर केली आहेत. ज्यांच्याकडे पैसा, ओळखी आणि कामाची शिस्त आहे अशी माणसे एका ठिकाणी जमतात, ही साधी गोष्ट नव्हे. म्हणूनच त्यांच्याकडून अधिक मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे.

आणि मागणे कशासाठी? तर आपल्या उशाशी असलेल्या वनासाठी. बोरिवली, मुलुंड, भांडुप, गोरेगाव यांच्या मध्यावर सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. एवढ्या अवाढव्य शहराच्या हद्दीत एवढे वन आणि त्यात बिबट्या, हे जगात विरळा दिसणारे दृश्य होय. परंतु हे वन मुंबईकरांच्या निसर्गप्रेमामुळे वाचले, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्याने सोडून द्यावी. ते वाचले आपल्या तहानेमुळे! १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधले गेले, त्यांच्या पाणलोटाचे रान राखणे भाग पडले, म्हणून कुऱ्हाड थबकली. त्याच्याही फार पूर्वी कान्हेरीच्या भिक्षूंनी कातळात पोढी खोदून डोंगराचे पाणी अडविले होते. पाणी आणि रान यांचे नाते त्यांना जितके कळले होते तितके आम्हां नळवाल्यांना कळलेले नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

हे नाते कळले नाही की काय होते, ते २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला तेव्हा उपनगरांनी अनुभवले. दहिसर आणि पोईसर या नद्या याच डोंगरांतून निघतात. विहार आणि पवईच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी वाहते. वरच्या उतारावर झाडोरा आणि पालापाचोळा असला म्हणजे पाणी जमिनीत मुरते, उतार उघडा पडला की ते माती घेऊन धावत सुटते. खाली कांदिवलीत वा कुर्ल्यात तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या घरात किती पाणी शिरणार, याचा काही अंशी निकाल वर त्या रानात लागत असतो. नाल्यांतील गाळ काढण्याच्या कंत्राटांवर आम्ही दर वर्षी रकाने भरून लिहितो. उताराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही.

या वनाने जखमाही पुष्कळ सोसल्या. १९९५ मध्ये बाँबे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली, १९९७ मध्ये न्यायालयाने ती हटविण्याचा आदेश दिला आणि पुढे हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या. काही कुटुंबांना चांदिवलीत घरे मिळाली, अनेकांना मिळाली नाहीत. गरिबाची झोपडी वनाला जाचते हे न्यायाने ठरविले. पण वनाच्या कुंपणाला खेटून उभे राहणारे आणि ‘खिडकीतून रान दिसेल’ अशी जाहिरात करणारे मनोरे वनाला जाचत नाहीत काय? तो हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही. एवढे खरे की, माणूस हटला म्हणून रान आपोआप पूर्ववत होत नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर पहिला हक्क सांगते ती घाणेरी.

घाणेरी किंवा टणटणी हे झुडूप वाचकांच्या परिचयाचे आहे. रंगीबेरंगी फुलांचे हे झुडूप मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. शोभेसाठी म्हणून ते इंग्रजी अमदानीत या देशात आले आणि देशभर माजले. ते वरवर छाटले तर बुडातून दुप्पट जोमाने फुटते. त्याला जमिनीखाली मुळाच्या गड्ड्यापासून तोडावे लागते, उपटून उलटे टाकावे लागते. एवढ्यानेही भागत नाही, कारण त्याची काळी फळे बुलबुलांना फार प्रिय! पाखरे बी पसरवितात आणि पुढच्या पावसात त्याच जागी शेकडो नवी रोपे तरारतात. तीही उपटावी लागतात, त्याच्या पुढच्या वर्षीही उपटावी लागतात. मगच त्या जागी ऐन, कुंभा, पळस, कळंब अशा इथल्या झाडांना श्वास घेता येतो. या झाडांचे रोप लावलेच तर त्याचे आळे करावे लागते, पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे लागते, निदान दोन-तीन उन्हाळे पाणी पोचवावे लागते. आणि हिवाळा सरताना गवत वाळले की वणव्यापासून वाचविण्यासाठी जाळरेषा काढाव्या लागतात. वनाचे पुनरुज्जीवन म्हणतात ते हे काम होय. यात छायाचित्र काढण्याजोगे फारसे काही नाही.

आमच्या मते खरी अडचण इथे आहे. क्लबातील माणसे आळशी नाहीत, पैशाचीही वाण नाही. अडचण आहे ती एका वर्षाच्या अध्यक्षपदाची. जुलैत लावलेल्या रोपाला जेव्हा पहिल्या उन्हाळ्याचा चटका बसतो, तेव्हा मावळत्या अध्यक्षाचे लक्ष अहवालाकडे असते आणि उगवत्या अध्यक्षाचे लक्ष स्वतःच्या नव्या संकल्पाकडे. मागच्याने लावलेल्या झाडाला पाणी घालण्यात नव्याला कसले आले आहे श्रेय? अशा रीतीने दर वर्षी नवे खड्डे आणि दर वर्षी नवी रोपे! त्याच टेकडीवर तेच झाड वारंवार लावण्याचा हा प्रकार सरकारी खात्यांत चालतो तेव्हा आपण त्याला भ्रष्टाचार म्हणतो. सेवाभावी संस्थांत त्याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

‘आमची घटनाच तशी आहे’ असे उत्तर कोणी देईल, तर ते आम्ही मान्य करणार नाही. कारण याच रोटरीने एक काम दशकानुदशके न सोडता केल्याचे साऱ्या जगाने पाहिले आहे. १९८५ मध्ये तिने पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. त्यानंतर प्रत्येक क्लबात कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले. पण बालकाच्या तोंडात दोन थेंब घालण्याचे काम कोणी ‘मागच्याचे’ म्हणून टाकून दिले नाही. भारतातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि लाखो कार्यकर्ते यांचा त्यात वाटा होताच. पण क्लबांची चिकाटी त्यात होती हे कोण नाकारील? जी चिकाटी रोगाच्या विषाणूसाठी दाखविली, ती घाणेरीसाठी का दाखविता येऊ नये?

उदाहरणे लांब शोधावयास नकोत. धारावीच्या कडेला, मिठीच्या काठी, जिथे मुंबई एके काळी आपला कचरा ओतीत असे, तिथे ३७ एकरांत महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. कल्पना जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेची, पाठबळ महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे; १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर माती पसरून, झाडे जगवून, पावसाचे पाणी साठवून तिथे रान उठविण्यास एका तपाहून अधिक काळ लागला. दिल्लीलगत गुरुग्रामला नागरिकांच्या एका संस्थेने २०१० पासून खाणींनी पोखरलेल्या जमिनीवर अरवलीचे रान पुन्हा वाढविले; बाजारातल्या रोपवाटिकांत तिथली मूळची झाडे मिळेनात, तेव्हा त्यांनी डोंगरांत हिंडून बिया गोळा केल्या आणि स्वतःची रोपवाटिका काढली. आमच्या अंधेरीतच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन कचरा उचलण्यास प्रारंभ केला आणि दर शनिवार-रविवारी तो चालू ठेवला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिले निघून समुद्राकडे गेली. तिथे कोणी फीत कापली नव्हती.

बिबट्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. २००४ साली या वनाच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले आणि उपनगरांत हाहाकार उडाला. पुढे २०११ मध्ये वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पिंजरे लावून बिबटे इकडून तिकडे सोडल्याने धोका वाढतो आणि कचरा आवरल्याने तो घटतो, ही गोष्ट लोकांना पटवून देणे हे त्याचे मुख्य काम. कचऱ्यामागे भटकी कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, इतके हे सरळ आहे. २०१५ च्या कॅमेरागणनेत या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा भाग असल्याचे दिसून आले. तेव्हा उद्यानाची सेवा करू इच्छिणाऱ्या क्लबाचे पहिले कार्यक्षेत्र उद्यानाच्या आत नसून, आपल्या सभासदांच्या गृहनिर्माण संस्थांच्या मागच्या भिंतीपाशी आहे. तिथली कचराकुंडी आधी पाहावी; खड्डे मागून खणावेत.

आणि वनात जायचेच, तर तिथे आधीपासून राहणाऱ्यांस विचारून जावे. वारली, मल्हार कोळी, कोकणा यांचे पाडे या रानात आहेत. वाघोबाला शेंदूर लावून त्याच्याशी शेजारधर्म पाळणारी ही माणसे आहेत. कोणत्या ओढ्याला मे महिन्यापर्यंत ओल टिकते, कोणत्या झाडाचे बी केव्हा पडते, हे त्यांस विचारावयाचे सोडून आपण त्यांना दर दिवाळीत चादरी वाटतो! चादर वाटू नये असे आम्ही म्हणत नाही. पण घाणेरी काढण्याचे, रोपवाटिका चालविण्याचे, जाळरेषा राखण्याचे काम याच पाड्यांतील तरुणांना वर्षभर रोख मजुरीवर द्यावे आणि ती मजुरी क्लबांनी भरावी. त्यात उपकार नाही आणि वन अधिक जाणत्या हातांत राहते. सभासदांनी रविवारी येऊन त्यांच्या हाताखाली काम करावे. कारखानदार आणि डॉक्टर मंडळींना वारली तरुण खुरपे कसे धरावे हे शिकवितो आहे, असे चित्र पाहावयास आम्हांला मनापासून आवडेल.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत दोन हजारांहून अधिक झाडे कोसळली, तेव्हा उपनगरांतील तरुण रात्री रस्त्यावर उतरले होते. त्या क्षोभाचा आम्हांला अभिमान आहे. कुऱ्हाडीविरुद्ध जागणे त्या रात्री सुचले; खुरपे घेऊन जागणे अद्याप कोणाला सुचलेले नाही, एवढेच.

आमची सूचना अशी आहे. राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या अनुमतीवाचून गवताची काडीही कोणी लावू वा उपटू शकत नाही आणि ते योग्यच आहे. तेव्हा बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी येथील क्लबांनी एकत्र येऊन खात्याशी लेखी करार करावा. प्रत्येकाने एखादाच ओढा वा एखादाच उतार घ्यावा, पण तो वर्षासाठी न घेता कारवीच्या एका फेऱ्यासाठी घ्यावा. कारवी हे याच डोंगरांतले झुडूप. ते सात वर्षे मुकाट्याने वाढते, आठव्या वर्षी सारा उतार जांभळा करून टाकते आणि बी पडले की वाळून जाते. इथली कारवी २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. आता तिची पाळी २०३२ मध्ये येईल. नव्या अध्यक्षाने पदाचे चिन्ह गळ्यात घालून घेताना त्या कराराच्या कागदावर सही करावी, आदल्या वर्षी किती रोपे जगली तो आकडा सभेत वाचून दाखवावा आणि नवीन खड्डा खणण्याआधी जुनी आळी भरावीत. फलक लावण्याची हौस असेल तर तो २०३२ च्या पावसाळ्यात लावावा. तोवर होऊन गेलेल्या साऱ्या अध्यक्षांची नावे त्यावर एका ओळीत मावतील.