बाळाचे जाकीट, टोपी आणि सत्तावीस हजार टाके

थंडीच्या कपड्यांचा विषय निघाला की आपल्या घरांत आधी मोठ्यांचा विचार होतो. पहाटेच्या पाळीला त्यांनाच जायचे असते, म्हणून ते साहजिकही आहे. पण थंडी सर्वांत आधी धरते ती लहान मुलाला. मुंबईच्या चाळीत हिवाळा फारसा जाणवत नाही. मात्र विदर्भात, खानदेशात किंवा नाशिक जिल्ह्यातील निफाडकडे पारा कधी कधी एक आकडी होतो. पत्र्याच्या घरात पहाटे काय परिस्थिती असते, हे तिथे राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

लहान बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते. त्यामुळे उघड्या डोक्यावाटे त्याच्या अंगातील ऊब लवकर निघून जाते. नवजात बाळाला कोरडे करून आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे, डोक्याला टोपी घालावी आणि पहिली आंघोळ २४ तासांनंतर घालावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. म्हणजे टोपी ही हौसेची वस्तू नसून गरजेची वस्तू आहे. म्हणूनच साधारण एक वर्षाच्या मुलाचे जाकीट आणि त्याच रंगाची टोपी कशी विणावी, हे आम्ही आज सांगणार आहोत.

लोकर कोणती घ्यावी?

विणलेल्या कापडात टाक्याटाक्यांमधून हवा अडकून राहते. हीच अडकलेली हवा ऊब धरते. म्हणून फार घट्ट विणू नये आणि जाळीही पडू देऊ नये. बाजारात मिळणारी बरीचशी ‘लोकर’ ही खरे तर ॲक्रिलिकचा धागा असतो. तो स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो आणि सहसा टोचत नाही. पण आगीजवळ तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. तेव्हा असे कपडे घातलेले मूल चूल, स्टोव्ह वा शेकोटीपाशी नेऊ नये. मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही, मात्र ती महाग पडते आणि कधी कधी टोचते. दुकानातच धागा आपल्या मानेला घासून पाहावा. आपल्याला टोचला तर बाळाला टोचणारच.

चार पदरी लोकर सुमारे २०० ग्रॅम, १२ नंबर आणि १० नंबरच्या सुयांची एकेक जोडी आणि पाच चपटी बटणे एवढे सामान पुरते. लोकर एकदमच घ्यावी आणि सर्व गुंड्यांच्या चिठ्ठीवरील रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना, ते पाहावे. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग थोडा जरी वेगळा असला तरी तो छातीवर पट्टा ओढल्यासारखा दिसतो.

विणण्यापूर्वी १० नंबरच्या सुयांवर ३० टाक्यांचा चौकोनी तुकडा विणून पाहावा. एका इंचात ७ टाके आणि ९ ओळी बसल्या पाहिजेत. टाके जास्त बसले तर एक नंबर जाड सुई घ्यावी, कमी बसले तर एक नंबर बारीक. आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तुकड्याचा कंटाळा करू नये, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

जाकीट

पाठ : १२ नंबरच्या सुयांवर ७६ टाके घालावेत. एक सुलट, एक उलट असा दीड इंचाचा काठ विणावा. असा काठ ताणला जातो आणि पुन्हा मिटतो, म्हणून तो अंगासरशी बसतो. मग १० नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणत जावे. एकूण उंची साडेसहा इंच झाली की मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंना ५-५ टाके बंद करावेत. ६६ टाके उरतील. ११ इंच उंची झाल्यावर २० टाके एका खांद्याचे, मधले २६ गळ्याचे आणि २० दुसऱ्या खांद्याचे असे बंद करावेत.

पुढचे दोन भाग : प्रत्येकी ४१ टाके. त्यांतील पुढच्या कडेचे ६ टाके बटणपट्टीचे. ते प्रत्येक ओळीत सुलटच विणावेत. साडेसहा इंचांवर मुंढ्याच्या बाजूचे ५ टाके बंद केले की ३६ उरतात. साडेनऊ इंचांवर गळ्याच्या बाजूचे ९ टाके बंद करावेत. नंतर एक ओळ सोडून एक ओळ, गळ्याकडे एक टाका कमी करावा; असे सात वेळा. राहिलेले २० टाके ११ इंचांवर बंद करावेत. दुसरा भाग याच्या उलट बाजूने विणावा.

काजे एकाच भागाला असतात. पट्टीवर दोन टाके एकत्र विणून सुईवर एक आडा घेतला की काज तयार होते. पहिले अर्ध्या इंचावर, मग दर सव्वादोन इंचांवर एक. पाचवे काज गळ्याच्या पट्टीत येईल. मुलाचे काज डावीकडे आणि मुलीचे उजवीकडे अशी रीत आहे. तिला फार महत्त्व देऊ नये. आज भावाने घातलेले जाकीट उद्या बहिणीने घालावयाचे आहे.

बाह्या : १२ नंबरच्या सुयांवर ४० टाके, दीड इंच काठ. मग १० नंबरवर दर चौथ्या ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवावा. अकरा वेळा वाढवले की ६२ टाके होतात. साडेसात इंचांवर सैल हाताने टाके बंद करावेत.

खांदे शिवून घ्यावेत. गळ्याभोवती १२ नंबरच्या सुईने सुमारे ७२ टाके उचलून काठाप्रमाणे सहा ओळी विणाव्यात. मग बाह्या मुंढ्यात बसवून कडा जोडाव्यात.

टोपी

१२ नंबरच्या सुयांवर ११२ टाके घालून दीड इंच काठ विणावा. १० नंबरच्या सुयांवर साडेचार इंच उंचीपर्यंत सरळ विणावे. मग सुलट ओळीत १२ टाके विणून दोन एकत्र, असे ओळभर करावे, १०४ उरतील. पुढची ओळ उलट. त्यानंतरच्या सुलट ओळीत ११ टाके विणून दोन एकत्र, मग १०, मग ९ असे १६ टाके उरेपर्यंत जावे. शेवटी दोन-दोन एकत्र करून आठ टाके ठेवावेत, त्यांतून धागा ओवून घट्ट ओढावा आणि कड शिवावी.

टोपीला लांब नाड्या लावू नयेत, त्या गळ्याभोवती आवळू शकतात. बटणे दुहेरी दोऱ्याने पक्की लावावीत. सुटलेले बटण मूल तोंडात घालते. घरात झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये, त्याला जास्त उकडणेही धोक्याचे असते. छातीला वा मानेमागे हात लावून पाहावे, घाम असेल तर एक कपडा कमी करावा. धुताना कोमट पाणी वापरावे, पिळू नये आणि आडवे पसरून वाळवावे.

आता हिशेब

भगिनींनो, या विणकामाचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. पाठीचे सुमारे ७ हजार टाके, पुढच्या दोन भागांचे ७ हजार, बाह्यांचे ७ हजार आणि टोपीचे ६ हजार, म्हणजे एकूण सुमारे २७ हजार टाके. मिनिटाला २० टाके धरले तरी साडेबावीस तास होतात. जोडकाम आणि बटणे यांचा वेळ वेगळाच.

आपल्या वस्त्यांतील कित्येक माता-भगिनी हे काम करून देतात. ‘बसल्या बसल्या तर विणतेस’ असे म्हणून त्यांच्या हातावर काहीतरी टेकवले जाते. समजा, लोकर दुसऱ्याची आणि या जोडीची मजुरी २०० रुपये ठरली, तर तासाला नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. बसल्या बसल्या केलेले काम हेही कामच आहे. त्यात डोळे शिणतात, मान धरते, मनगट दुखते. म्हणून बाहेरचे काम घेताना लागलेले तास वहीत लिहावेत आणि वही दाखवून मजुरी मागावी. एकीने कमी दर घेतला की दुसरीचाही दर पडतो. तेव्हा गल्लीतील विणणाऱ्या बायकांनी बसून एकच दर ठरवावा.

हे काम बायकांचेच, असेही मानू नये. युरोपात हातविणकामाच्या जुन्या कारागीर संघांत पुरुष असत आणि १५८९ च्या सुमारास विणकामाचे पहिले यंत्र बनविले ते विल्यम ली या पुरुषानेच. आपल्या मुलांनाही सुया हाती द्याव्यात. टाके मोजता मोजता गणित पक्के होते आणि आईच्या साडेबावीस तासांची किंमतही त्यांना कळते.