चार मीटरांची मोजपट्टी

घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले; दसरा त्याच धामधुमीत पार पडला; आणि लक्ष्मीपूजनाच्या आत गाडी दारात उभी राहावी अशी ज्यांची मनीषा होती त्यांची शोरूममधली वर्दळ त्यानंतरही ओसरली नाही. कोणती गाडी किती हजारांनी उतरली याचे तक्ते वाचकांना एव्हाना मुखोद्गत झाले असतील, म्हणून त्यांची उजळणी येथे करीत नाही. परंतु नेक्सॉन घ्यावी, एक्सयूव्ही ३एक्सओ घ्यावी, ब्रेझा घ्यावी, की कर्जाचा हप्ता थोडा वाढवून क्रेटापर्यंत मजल मारावी, या विवंचनेत सोलापूरचा एखादा मध्यमवर्गीय कुटुंबप्रमुख जेव्हा रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसतो, तेव्हा त्याची निम्मी निवड महसूल खात्याच्या एका मोजपट्टीने आधीच करून ठेवलेली असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

ही मोजपट्टी चार मीटरांची आहे. गाडीची लांबी चार हजार मिलिमीटरांच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास बाराशे, डिझेलचे असल्यास पंधराशे घनसेंटिमीटरांपर्यंत असेल, तर कर १८ टक्के. यांतली एक अट जरी मोडली तरी ४० टक्के. अधलीमधली पायरी नाही. आता या शिरस्त्याचे विनोद पाहा. ब्रेझा चार मीटरांच्या आत बसते, परंतु तिचे पेट्रोल इंजिन १४६२ घनसेंटिमीटरांचे असल्यामुळे ती दिसायला लहान असूनही दप्तरी मोठीच ठरते. नेक्सॉनचे डिझेल इंजिन १४९७ चे, म्हणजे ब्रेझाच्या इंजिनाहून मोठे. पण ते डिझेलचे आहे म्हणून ती १८ टक्क्यांत सुटते. आणि ज्या क्रेटाला सारा मुलूख निःशंकपणे एसयूव्ही म्हणतो, तिचे दीड लिटरचे इंजिन पंधराशेची मर्यादा ओलांडीत नसल्यामुळे जुन्या उपकराच्या व्याख्येत ती एसयूव्ही नव्हतीच! त्या व्याख्येला लांबी चार मीटरांहून अधिक, इंजिन पंधराशेहून मोठे आणि रिकाम्या गाडीचे जमिनीपासूनचे अंतर निदान १७० मिलिमीटर, अशी तिन्ही लक्षणे एकत्र लागत. ती जिच्यात भरत तिला उपकर धरून ५० टक्के, आणि क्रेटासारख्या मधल्या वर्गाला ४५ टक्के, असा तो हिशोब होता.

नव्या दरांनी ही गुंतागुंत पुष्कळशी निस्तरली हे खरे. परंतु त्याबरोबर मोजपट्टीच्या दोन बाजूंमधली भिंत उंच झाली. करापूर्वी आठ लाख किमतीची चार मीटरांच्या आतली डिझेल गाडी पूर्वी ३१ टक्के धरून दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांना पडे, ती आता नऊ लाख चव्वेचाळीस हजारांना पडते. त्याच करपूर्व किमतीची, पण बोटभर लांब असलेली गाडी पूर्वी अकरा लाख साठ हजारांना होती, ती आता अकरा लाख वीस हजारांना. म्हणजे दोहोंतले अंतर एक लाख बारा हजारांवरून एक लाख शहात्तर हजारांवर गेले. सवलत दोघींनाही मिळाली, असे जाहिराती सांगतात. अंतर वाढले, हे मात्र त्या सांगत नाहीत.

ही पट्टी २००६ सालच्या अंदाजपत्रकातून आली. लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क तेव्हा २४ टक्क्यांवरून १६ वर आणले गेले, आणि 'लहान' कोणाला म्हणावे यासाठी चार मीटरांची व इंजिनाच्या आकाराची ही तजवीज करण्यात आली. हेतू स्तुत्य होता: सामान्य माणसाला लहान, कमी इंधन पिणारी गाडी स्वस्त मिळावी. कारखानदारांनी त्यातून जे काढले ते मात्र वेगळेच. त्यांनी उंच, रुंद, छाती पुढे काढलेली, मोठ्या गाडीचा आव आणणारी वाहने तयार केली आणि त्यांची लांबी ३९९५ मिलिमीटरांवर आणून थांबविली. नेक्सॉन ३९९५, ब्रेझा ३९९५, व्हेन्यू ३९९५, सॉनेट ३९९५. ३एक्सओने पाच मिलिमीटर आणखी सोडले, ती ३९९०. शिंप्याने गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप न घेता ताग्यात उरलेल्या कापडाचे माप घ्यावे, तसा हा प्रकार झाला.

या प्रकाराचा उगम शोधू गेल्यास सोलापूरच्या माणसाला काहीसे चमत्कारिक वाटेल असे एक नाव पुढे येते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच सोलापुरात झाला. रेल्वेची कंत्राटे घेता घेता त्यांनी १९१९ साली सिंदिया ही जहाज कंपनी काढण्यात पुढाकार घेतला, १९४० साली बंगळुरास विमानांचा कारखाना उभा केला, आणि मोटारीच्या कारखान्यासाठी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. परकीय सरकारने त्या बाबतीत त्यांना साथ दिली नाही. तरीही १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. पुढे मुंबईच्या टॅक्सीला ज्या गाडीने रूप दिले ती पद्मिनी याच घराण्यातली. हा सगळा इतिहास सोलापुरात त्यांच्या नावाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापुरता उरला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

परंतु मला येथे त्या कंपनीच्या उतारवयातले एक अपत्य आठवते. २००९ च्या डिसेंबरात प्रीमियरने 'रिओ' नावाची एक गाडी बाजारात आणली. चीनमधील एका गाडीवर बेतलेली, प्यूजोच्या घराण्यातले जुने दीड लिटरचे डिझेल इंजिन बसविलेली, उंच, चौकोनी आणि चार मीटरांच्या आत. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ साली आली आणि हा वर्ग तिनेच निर्माण केला असे आज सर्रास लिहिले जाते. पण मोजपट्टीच्या आत राहून एसयूव्हीचे सोंग घेता येते, हे प्रीमियरला तिच्या सुमारे साडेतीन वर्षे आधी सुचले होते. गाडी चालली नाही. तिची बांधणी सामान्य होती, विक्रीची व सर्व्हिसिंगची व्यवस्था तोकडी होती, आणि तिची आठवणही आज कोणाला नाही. तथापि आज आपण ज्या पाच-सहा गाड्यांत निवड करीत बसलो आहोत, त्यांची थोरली बहीण एका सोलापूरकराने स्थापिलेल्या कंपनीत जन्माला आली होती, हे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. नेक्सॉन आज रांजणगावात बनते, ३एक्सओ नाशकात. सोलापूरच्या वाट्याला मात्र केवळ शोरूम आले.

लांबीची मर्यादा पाळताना बळी कोणाचा जातो? इंजिन लहान करून पुढचा भाग थोडा आखडता येतो; माणसांचे पाय कापता येत नाहीत; तेव्हा उरते ती डिकी. निवडीचा खरा पेच येथे आहे. ३एक्सओच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २६०० मिलिमीटर आहे, म्हणजे तिच्याहून फूटभर लांब असलेल्या क्रेटाच्या जवळजवळ बरोबरीचे. त्यामुळे मागच्या बैठकीवर गुडघ्यांना ऐसपैस जागा मिळते आणि सामानाच्या जागेचा संकोच होतो. नेक्सॉनमध्ये तेच अंतर २४९८ मिलिमीटर. गुडघ्यांना थोडे कमी, पण डिकी ३८२ लिटरांची. थोडक्यात, एकीने माणसे सांभाळली आणि दुसरीने सामान.

सोलापूरच्या कुटुंबाचे सामान म्हणजे काय, हे कोणत्याही कंपनीच्या पत्रकात लिहिलेले नसते. पुण्याला शिकणाऱ्या मुलाकडे जाताना ज्वारीचे पीठ, शेंगाचटणीचे डबे, कडक भाकरीची चवड आणि दोन चादरी एवढे तरी निघणारच. एरवी गाडीची धाव अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि कधी सीमेपलीकडचे गाणगापूर अशी असते, आणि या प्रत्येक फेरीत घरातले वडीलधारे माणूस असतेच असते. परवा एका शोरूममध्ये एक आजी नव्या गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. नातू उत्साहाने पडदा, कॅमेरा, आवाजी हुकूम असे सारे दाखवीत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "समदं चांगलं हाय की वो, पण ह्याच्यात चढायचं कसं?" विक्रेत्यापाशी उत्तर नव्हते. वस्तुतः हा प्रश्न पहिला असावयास हवा होता. बैठकीची उंची कमरेच्या थोडी खाली असली म्हणजे म्हातारे माणूस वाकावे न लागता व चढावे न लागता सरळ सरकून बसते, आणि या लहान एसयूव्ही नेमक्या याच कारणासाठी सेडानपेक्षा बऱ्या आहेत. स्कॉर्पिओ-एनसारख्या धिप्पाड गाडीत मात्र पायरीवर पाय ठेवून अंग वर ओढून घ्यावे लागते, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ती कसरत सोसवत नाही.

सात आसनांचा मोह येथे पुष्कळांना पडतो. चार मीटरांच्या आत सात माणसे बसविणारी बोलेरो निओ आहे. तिच्या शेवटच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांविषयी सहानुभूती बाळगून एवढेच सांगतो की ग्लोबल एनकॅपच्या २०२४ मधील अपघात-चाचणीत तिला पाचपैकी एक तारा मिळाला. नेक्सॉन व ३एक्सओ या दोघींना भारत एनकॅपमध्ये पाच तारे आहेत. ही देशी चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवितात, आणि बाजूची धडक निराळी तपासतात. पण तारे मोजून निर्धास्त होणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मागे बसलेल्याने पट्टा बांधला नसेल तर त्याच्यापुरते ते तारे मावळलेलेच असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला तो एका महागड्या एसयूव्हीत. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. आपल्याकडे नव्या गाडीच्या बैठकींवर प्लॅस्टिक तसेच ठेवून वर कापडी खोळ चढविण्याची जी हौस आहे, तिच्यात मागचे पट्टे खोळीखाली कायमचे गडप होतात.

उंचीबद्दलचा एक भ्रम पाण्याचा. ज्या आठवड्यात करकपात अमलात आली त्याच आठवड्यात सीना नदीला महापूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांत हाहाकार झाला. 'आपली गाडी उंच आहे' या भरवशावर पुलावरच्या वाहत्या पाण्यात उतरणारे प्रत्येक पावसाळ्यात निघतात. दोनशे मिलिमीटरांच्या ग्राउंड क्लिअरन्सने गतिरोधक आणि खड्डे पार होतात. वाहते पाणी दोन फूट खोल असले की ते बहुतेक मोटारींना, त्यांत एसयूव्हीही आल्या, उचलून नेते.

सनरूफविषयी मी पूर्वग्रहदूषित आहे हे आधीच सांगून टाकतो. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर मुक्काम करतो, तेथे डोक्यावर काच बसवून घेण्यासाठी पदरचे पैसे मोजावेत, मग ती झाकण्यासाठी पडदा ओढावा आणि वातानुकूलन यंत्राला दुप्पट राबवावे, ही रसिकता मला आकळत नाही. मुलांना त्यातून डोके बाहेर काढू देणारे पालक पाहिले म्हणजे तर ती रसिकताही वाटत नाही.

इंधनाचे मात्र बारकाईने पाहावे. ज्यांची धाव नवी पेठ ते सात रस्ता आणि परत एवढीच आहे, त्यांनी डिझेलच्या वाटेस जाऊ नये. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जी गाळणी असते ती साफ होण्यास हमरस्त्यावरची सलग धाव लागते, आणि ती न मिळाल्यास गाळणी तुंबून डॅशबोर्डावर दिवा पेटतो. ज्यांचे पुणे-हैदराबाद नेहमीचे आहे त्यांना डिझेल अजूनही परवडते. पेट्रोल घेणाऱ्याने ॲव्हरेजची अपेक्षा थोडी आवरती घ्यावी. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांश कमी. राज्यातल्या सर्वाधिक साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याने याविषयी कुरकूर करणे अवघडच आहे: उसाचा भाव एका हाताने घ्यायचा आणि ॲव्हरेजची तक्रार दुसऱ्या हाताने करायची, हे दोन्ही एकाच घरात चाललेले असते.

आता निवाडा. पाच माणसांच्या कुटुंबाने सध्याच्या करव्यवस्थेत मोजपट्टीच्या आतच राहावे. पलीकडच्या गाडीत जे अधिक मिळते ते किमतीतल्या त्या वाढलेल्या अंतराच्या मोलाचे नाही. मागच्या बैठकीवर वडीलधारी माणसे नेहमी असतील तर ३एक्सओ, पुण्याच्या वाऱ्या आणि डबे अधिक असतील तर नेक्सॉन. आणि दोहोंतही सनरूफची आवृत्ती सोडून जी खालची आवृत्ती मिळेल तिच्यात सहा एअरबॅग आहेत ना, हे लेखी विचारून घ्यावे. वर्षातून दोनदा सगळे गोत तुळजापूरला न्यायचे असते म्हणून सात आसनांची गाडी घेणाऱ्यांना एवढेच सांगणे, की त्या दोन दिवसांसाठी सोलापुरात इनोव्हा भाड्याने मिळते.