लिहून लढलेल्या लढाया : लेखांक पाचवा

एकटादुकटा वाटसरू ‘एव्हरक्वेस्ट’ या संगणकीय खेळातील नॉराथ नामक सृष्टीच्या रानावनांतून कसा निभावून जाई, याचा विचार गेल्या लेखांकात झाला. आता जेथे एकट्याचे, किंबहुना सहा जणांच्या टोळीचेही काही चालत नसे, त्या मोठ्या मोहिमांकडे, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतील ‘रेड’कडे, वळणे प्राप्त आहे. १६ मार्च १९९९ रोजी हा खेळ अमेरिकेत खुला झाला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी सहा जणांची टोळी एवढेच काय ते सांघिक एकक मानले होते. परंतु त्याच सृष्टीत त्यांनी अग्नी ओकणारा नागाफेन आणि हिमवर्षाव करणारी व्हॉक्स असे दोन ड्रॅगन वसवून ठेवले, की ज्यांच्यापुढे अशा पाचसहा टोळ्या एकवटल्याखेरीज निभाव लागणे दुरापास्त होते. तीसचाळीस असामींची फौज तर उभी करायची, पण फौज नावाची वस्तू खेळाच्या कायद्यात मुळी नाहीच, अशी ही विलक्षण अवस्था होती. निरनिराळ्या संघांची, म्हणजे ‘गिल्ड’ची, माणसे एकत्र आली, तर एका गिल्डच्या अंतर्गत वाहिनीवरचा हुकूम दुसऱ्या गिल्डच्या माणसाला दिसत नसे, तो साऱ्या प्रदेशाला ऐकू जाईल असा ‘शाउट’ करून द्यावा लागे, नाहीतर सरदाराने सरदाराला खासगी ‘टेल’ पाठवून खाली पोचवावा लागे.

परंतु याहून मोठी अडचण ही, की संभाषणाचे साधन आणि शस्त्र ही दोन्ही एकाच कळफलकावर होती. जो आपली बोटे शब्द टंकित करण्यात गुंतवी, त्याला तेवढा वेळ ना मंत्र म्हणता येई, ना पाऊल मागे घेता येई. आणि इतके करून लिहिलेले वाचले जाईलच अशीही शाश्वती नव्हती, कारण कोणी कोणावर किती घाव घातला याच्या नोंदी त्याच चौकटीत अखंड कोसळत असत. त्यातच बहुतेकांचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडलेला. तार तुटली की तो गडी ‘लिंकडेड’, म्हणजे भर रणात काष्ठवत् उभा. म्हणून लढाईचे जवळजवळ सारे बोलणे लढाईपूर्वीच उरकून घ्यावे लागे. हजेरी घेणे, तैनाती ठरवणे, कोणी कोणाचे रक्षण करायचे हे नेमून देणे, यातच मोहिमेचा मोठा भाग सरे. आणि उतावळ्या नवख्यांना जो निव्वळ कालापव्यय वाटे, तोच माझ्या मते या खेळाचा खरा गाभा होता.

प्रत्यक्ष झुंजीत मग उरत ते केवळ संकेत. ‘मेन असिस्ट’ म्हणून नेमलेल्या एका योद्ध्याने जे लक्ष्य निवडले तेच सर्वांनी निवडावे, यासाठी ‘असिस्ट’ ही आज्ञा एका कळीवर आधीच बांधून ठेवलेली असे. कारण एन्चँटरने मोहिनी घालून थोपवून धरलेल्या राक्षसाला कोणा अधीर माणसाने चुकून डिवचले, तर तो जागा होऊन सारा बेत उधळून लावी. शत्रूला एकेकटा ओढून आणण्याचे काम मंककडे असे, कारण अंगाशी आले की मेल्याचे सोंग घेण्याची विद्या त्याला अवगत होती.

या सर्व संकेतांत मला सर्वाधिक विस्मयकारक वाटते ती क्लेरिकांची, म्हणजे उपचार करणाऱ्या पुरोहितांची, साखळी. जखमी योद्ध्याला एका झटक्यात सावरणारा ‘कम्प्लीट हील’ हा मंत्र म्हणायला दहा सेकंद लागत, आणि ड्रॅगन तर समोरच्या योद्ध्याला त्याच्या निम्म्या वेळात यमसदनी धाडू शके. यावर तोडगा असा निघाला, की क्लेरिकांना अनुक्रमांक द्यावेत, पहिल्याने मंत्र आरंभला की त्याच्या कळीत साठवलेला आकडा आपोआप वाहिनीवर उमटावा, तो पाहून दुसऱ्याने मनाशी तीन सेकंद मोजून आपला मंत्र आरंभावा, मग तिसऱ्याने, आणि रहाटाच्या गाडग्यांप्रमाणे एक रिते होते न होते तोच दुसरे भरून वर यावे. तीन सेकंदांचे अंतर राखायचे तर गणिताने चार क्लेरिक पुरत. पण मंत्रानंतरची उसंत आणि अपघात हिशेबात धरता पाचसहा जण शहाणा सरदार लावीच. येथे गंमत अशी, की क्लेरिक जखमी योद्ध्याची अवस्था पाहून मंत्र म्हणत नसे. तो सुरू करी तेव्हा योद्धा कदाचित धडधाकटच असे. त्याने पाहायचे ते फक्त आधीच्या माणसाच्या आकड्याकडे. एखादा आकडा उमटलाच नाही, तर त्याची तार तुटली की तो मेला याची चौकशी करीत न बसता पुढच्याने तात्काळ ती पोकळी भरायची. त्यात कसूर झाली, तर एवढ्या एका विलंबाने चाळीस माणसांची संध्याकाळ मातीमोल होई.

आणि मातीमोल हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. मेलेल्या पात्राची सारी चीजवस्तू त्याच्या प्रेतावरच राही आणि ते स्वतः दूरवर निष्कांचन अवस्थेत पुन्हा जन्मे. ‘प्लेन ऑफ फिअर’सारख्या भयलोकात सबंध फौज गारद झाली, म्हणजे ती प्रेते परत मिळवणे हीच एक स्वतंत्र मोहीम होऊन बसे, त्यात ‘कन्सेंट’ या आज्ञेने आपले प्रेत ओढण्याची परवानगी दुसऱ्याला द्यावी लागे, आणि ती कोणाला द्यायची यावरून माणसांची पारख होई.

या शिस्तीची पराकाष्ठा नोव्हेंबर २००३ मध्ये रॅलोस झेक नामक सर्व्हरवर दिसली. कोणाच्याही हातून मरू नये अशाच हेतूने निर्माण केलेल्या केराफर्म या ड्रॅगनवर, एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या तीन गिल्ड एक होऊन चालून गेल्या. पहिल्या स्वारीत तो जेरीस आलेला पाहून खेळाच्या अधिकाऱ्यांनी त्याला चक्क अदृश्य केले. त्यावर गहजब होताच त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली, आणि १७ नोव्हेंबरला दोनशेच्या घरातील खेळाडूंनी काही तास झुंजून, पडलेल्या योद्ध्यांना क्लेरिकांकरवी पुनःपुन्हा उठवीत, त्याचा निकाल लावला.

तोवर टीमस्पीक, व्हेंट्रिलो ही वाणीची साधनेही आली होती, आणि २००४ च्या अखेरीस आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने तर चाळीस जणांची फौज खेळाच्या कायद्यातच दाखल करून घेतली. तरीही आकड्यांची साखळी मुखाने चालवण्यापेक्षा लिहून चालवणेच श्रेयस्कर, असे माझे मत आहे. दर तीन सेकंदांनी एकेकाने आपला क्रमांक पुकारायचा म्हटले, तर सरदाराचा माघारीचा हुकूम कोणाच्या कानी पडावा? ड्रॅगन पडल्यावर त्याच्या लुटीची वाटणी हे प्रकरण मात्र याहून नाजूक. ‘आफ्टरलाइफ’ या गिल्डने १९९९ मध्येच हजेरीच्या हिशेबावर गुणांच्या जमाखर्चाची जी पद्धत बसवली, जी पुढे डीकेपी म्हणून सर्वत्र रूढ झाली, तिचा विचार पुढील आठवड्यात करू.