मुंबईच्या परसबागेतील पेरू

प्रभादेवीसारख्या समुद्रालगतच्या वस्तीत आजही एखाद्या घराच्या मागे दोन-तीन झाडांपुरती जमीन मोकळी असते. तेथे नासपाती लावावी काय, अशी पृच्छा होते. लावू नये. नासपातीच्या कळ्या नीट फुटण्यास हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालील थंडी बराच काळ मिळावी लागते. पंजाबच्या मैदानात होणाऱ्या पत्थरनाख जातीलाही सुमारे १५० तासांची थंडी लागते. सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेले नीचांकी तापमानही ७.४ अंश होते. झाड जगेल, पाने धरील. फळासाठी मात्र वर्षे फुकट जातील. ग्रामसेवकांनी कोकणपट्टीतील शेतकऱ्यांनाही हे रोप घेण्यापूर्वीच सांगावे.

पोर्तुगीज भाषेत नासपातीला ‘पेरा’ म्हणतात आणि आपला ‘पेरू’ हा शब्द त्यावरूनच आला असे मानले जाते. किनाऱ्यावरची नासपाती ती हीच म्हणावयास हरकत नाही.

लागवडीस सरदार (लखनौ-४९) ही जात घ्यावी. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेत डॉ. चीमा यांनी १९२७ साली अलाहाबाद सफेदाच्या बियांपासून वाढलेल्या झाडांतून ती निवडली. बियांची झाडे एकसारखी निपजत नाहीत, म्हणूनच अशी निवड शक्य झाली. परंतु त्याच कारणाने आपण बी लावू नये, दाब कलमच आणावे. त्याला सोटमूळ नसते, तेव्हा खाऱ्या वाऱ्याच्या बाजूस भक्कम काठीचा आधार द्यावा. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून माती व कुजलेल्या शेणखताने भरावा आणि पावसाच्या आरंभी कलम किंचित उंचवट्यावर लावावे, म्हणजे बुंध्याशी पाणी साचत नाही.

खरी कसोटी बहाराची आहे. आंबे बहाराची फळे ऐन पावसात पिकतात. ती पाणचट होतात आणि फळमाशी त्यांत अंडी घालते. म्हणून झाड तीन वर्षांचे झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीतील फुले खुडावी, एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडावे, मेअखेर शेंडे छाटून खत द्यावे. फुले नव्या फुटीवर येतात. पावसाबरोबर मृग बहार धरतो व फळे नोव्हेंबरपासून हाती येतात. लहान झाडाचे पाणी मात्र कधीही तोडू नये. गळलेले किडके फळ झाडाखाली न ठेवता रोज वेचून खोल पुरावे. शेजारच्या आवारात पेरू असल्यास त्यांनाही तसे करण्यास सांगावे, कारण माशी कुंपण मानीत नाही.